खरिपाच्या नियोजनात गरोदर बाईचाही रकाना हवा

मृग जवळ आला की पुसेगावच्या पंचक्रोशीत एकच घाई उडते. बियाणे घरचे वापरायचे की विकत आणायचे, डीएपी वेळेवर मिळेल की नाही, सलग सोयाबीन पेरायचे की तुरीच्या ओळी टाकायच्या, ट्रॅक्टर कुणाचा सांगायचा, याच गोष्टी पारावर आणि हॉटेलात चालतात. आमच्या खात्याच्या खरीपपूर्व बैठकाही याच दिवसांत होतात. गोणपाटावर शंभर दाणे ठेवून उगवणशक्ती कशी तपासायची, पुरेसा पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई का करू नये, हे आम्ही सांगतो आणि शेतकरी ते वहीत लिहून घेतात. खर्चाचा, मजुरांचा, दिवसांचा हिशेब घरोघरी मांडला जातो.

या हिशेबात एक रकाना मात्र मी आजवर कुणाच्या वहीत पाहिला नाही. खुरपणीच्या किंवा सोंगणीच्या ऐन दिवसांत घरातली सून पोटुशी असेल तर तिच्या वाट्याचे काम कोण करणार? रोजाने येणारी बाई पाच-सहा महिन्यांची असेल तर तिला कोणते काम द्यायचे आणि कोणते द्यायचे नाही? आयत्या वेळी या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असते. ती आपली येते आणि सगळ्यांबरोबर वाकून काम करते.

शेतीच्या पानावर हे बाळंतपणाचे कशाला काढले, असे काही वाचकांना वाटेल. "सायेब, ते आशाताईचं काम हाय, तुमी आपलं अळीचं सांगा," असे मला तोंडावर ऐकवलेही गेले आहे. त्यावर माझे उत्तर सरळ आहे. गरोदर बाई दवाखान्यात महिन्यातून एखादा तास असते. बाकीचा सगळा वेळ ती शेतात, गोठ्यात आणि चुलीपुढे असते. शेतात कोणते काम, कधी आणि किती तास करायचे हे आशाताई ठरवत नाही, शेतकरी ठरवतो. म्हणून हा विषय शेतकऱ्याचा आहे आणि म्हणूनच तो या पानावर मांडतो आहे.

दवाखाना जवळ आला, शेतात काय बदलले?

आधी जे चांगले झाले ते सांगितले पाहिजे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, गावोगाव आशा स्वयंसेविका आल्या आणि त्याच वर्षी जननी सुरक्षा योजना आली. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यातले बाळंतपण मोफत झाले. सिझेरियन करावे लागले तरी पैसे द्यायचे नाहीत. औषधे, रक्त, तिथले जेवण, घरून नेणारी आणि परत आणून सोडणारी गाडी, हे सगळे त्यात धरलेले आहे. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावू लागली.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २००४ ते २००६ या काळात महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे १३० माता दगावत होत्या. २०१८ ते २०२० या काळात हा आकडा ३३ वर आला. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) राज्यातली ९४.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाल्याचे आढळले. आपल्या आजीच्या काळात हे कुणाला खरे वाटले नसते.

पण त्याच पाहणीत दुसरा एक आकडा आहे. राज्यातल्या गरोदर स्त्रियांपैकी ४५.७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी होते. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असले की रक्त कमी धरतात. रक्त कमी असलेल्या बाईला धाप लागते, बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे होण्याचा धोका वाढतो आणि बाळंतपणात थोडे जास्त रक्त गेले तरी तिच्या जिवावर बेतते. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. बाळंतपणाच्या दिवशी आपण बाईला गाडीत घालून दवाखान्यात पोचवायला शिकलो. त्याआधीचे नऊ महिने मात्र जिथल्या तिथे राहिले. त्या नऊ महिन्यांत तिचे काम, तिचे ताट आणि तिची विश्रांती घरातल्यांच्या हातात असते. तिथे १०८ ची गाडी काही करू शकत नाही.

"आमची आई बांधावर बाळंत झाली"

हे वाक्य प्रत्येक गावात ऐकायला मिळते. पूर्वीच्या बायका शेवटच्या दिवसापर्यंत कामाला जात, त्यांना काही झाले नाही, असे त्याचे तात्पर्य असते. ज्यांना झाले त्या सांगायला राहिल्या नाहीत आणि किती लेकरे पहिल्या महिन्यात गेली याची कुणी नोंद ठेवली नाही, एवढेच यावर म्हणता येईल. कामाचा पोटातल्या बाळावर खरोखर परिणाम होतो का, याचा मात्र आपल्याच राज्यातला चांगला पुरावा आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास केला. ही गावे शेती करणारी, बायका आपल्या इथल्यासारख्याच घर आणि शेत दोन्ही सांभाळणाऱ्या. जवळजवळ ८०० गरोदर स्त्रियांचे खाणे, वजन आणि रोजचे काम टिपून ठेवले गेले. या कामात पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांचाही मोठा वाटा होता. त्या बायकांचे गरोदरपणाआधीचे वजन सरासरी ४२ किलोच्याही आत होते आणि बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास भरले. इंग्लंडमधली बाळे साधारण साडेतीन किलोची असतात.

या अभ्यासातून दोन गोष्टी पुढे आल्या आणि दोन्ही शेतकऱ्याच्या कामाच्या आहेत. पहिली, ज्या बायकांना गरोदरपणाच्या सुरुवातीच्या आणि मधल्या महिन्यांत जास्त कष्टाचे काम होते, त्यांची बाळे लहान निघाली. वजन तर कमीच, डोक्याचा आणि दंडाचा घेरही कमी. दुसरी, ज्या बायकांच्या खाण्यात पालेभाज्या, फळे आणि दूध वारंवार होते, त्यांची बाळे भरलेली निघाली.

आपल्याकडे सातवा-आठवा महिना लागला की मग कुठे घरचे म्हणतात, "आता हिला जड काम सांगू नका." पण या अभ्यासात पहिल्या पाच-सहा महिन्यांतले कष्टही बाळाला भोवलेले दिसतात, आणि त्या दिवसांत बाईचे पोट दिसतसुद्धा नाही. सोयाबीन उत्पादकाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना पाण्याचा ताण पडला तर मागाहून कितीही पाणी द्या, दाणा भरत नाही. ज्याची वेळ त्याच वेळी सांभाळावी लागते.

गुत्त्याचे काम आणि पोटुशी बाई

गरोदरपण हा आजार नाही. हलके काम, चालणे-फिरणे चांगलेच असते. घरात नुसते बसवून ठेवा असे कुणी डॉक्टर सांगत नाही. प्रश्न तासन्‌तास वाकून करायच्या कामाचा, डोक्यावरच्या ओझ्याचा, उन्हाचा आणि न थांबता काम ओढण्याच्या घाईचा आहे.

आपल्याकडे सोयाबीनची सोंगणी आता बहुतेक गुत्त्याने होते. एकराचा भाव ठरतो आणि दहा-बारा जणांची टोळी शेतात उतरते. रोजाच्या कामात निदान दुपारची सुट्टी असते, पाणी प्यायला कुणी अडवत नाही. गुत्त्यात जेवढे लवकर उरकेल तेवढे दुसरे शेत धरता येते. टोळीत एखादी पाच महिन्यांची असेल तर तिला मागे राहून चालत नाही, कारण ती मागे राहिली की बाकीच्यांची कमाई घटते. म्हणून ती बोलत नाही. कापसाच्या वेचणीत किलोवर पैसे असतात, तिथेही हेच. कमरेला बांधलेला ओटा भरत जातो आणि ते ओझे नेमके पोटावर येते. हळदीच्या काढणीत फेब्रुवारी-मार्चचे ऊन असते आणि टोपली उचलायची असते.

यावर शेतकऱ्याचे म्हणणेही खोटे नाही. मजूर मिळत नाहीत, सोयाबीनला भाव नाही, सोंगणी चार दिवस लांबली आणि पाऊस आला तर शेंगा शेतातच फुटतात. मी हे रोज पाहतो. पण टोळीत एकीचे काम बदलून दिले म्हणून सोंगणी लांबत नाही. पोटुशी बाईला पेंढ्या वाहायला न लावता खळ्यावर सावलीत बसून करायचे काम देता येते, पाणी आणि जेवणाची सोय तिच्याकडे देता येते, वेचलेल्या कापसातला कचरा काढायला बसवता येते. गुत्ते ठरवतानाच मुकादमाला सांगावे की हिचा वाटा बरोबरीचाच राहील. शेतमालकाने एकदा असे बोलून दाखवले की टोळीतल्या बायका आपोआप सांभाळून घेतात. त्यांना हे कळते, फक्त तोंड उघडायची सोय नसते.

सेनगाव तालुक्यातून दसऱ्या-दिवाळीनंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जाणारी कुटुंबेही आहेत. तिथे पहाटे फडात उतरायचे, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून वाहायच्या. खाडा झाला तर उचलीतून कापला जातो. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला आणि सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. हंगामातल्या एका खाड्याची धास्ती बाईला कुठपर्यंत नेते, हे त्यातून सगळ्यांना दिसले. निदान जाणाऱ्या बाईच्या पिशवीत तिचे माता-बाल संरक्षण कार्ड आणि लोहाच्या गोळ्या असल्याच पाहिजेत. कार्ड दाखवले की दुसऱ्या जिल्ह्यातल्या दवाखान्यातही आधीची तपासणी कळते आणि पुढची करता येते. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाणाऱ्या लेकीलाही हेच लागू आहे. कार्ड सासरी कपाटात आणि बाई माहेरी दवाखान्यात, असे होऊ देऊ नये.

फवारणी, बीजप्रक्रिया आणि गोठा

हा भाग माझ्या नोकरीतला आहे, म्हणून जरा आग्रहाने सांगतो. पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीतून विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यानंतर फवारणाऱ्या पुरुषांच्या मास्कवर, हातमोज्यांवर पुष्कळ बोलले गेले. पण पाठीवर पंप नसला तरी बाईचा औषधाशी संबंध येतोच. ड्रममध्ये पाणी आणून ओतणारी, बादलीत औषध कालवणारी बहुधा बाई असते. संध्याकाळी फवारणीचे कपडे तीच धुते, तेही घरच्या कपड्यांबरोबर. सोयाबीनच्या बियाण्याला बुरशीनाशक चोळताना उघड्या हाताने चोळणारीही तीच.

गरोदर बाईने आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने यातले एकही काम करू नये. फवारलेल्या शेतात लगेच खुरपायला जाऊ नये. डब्यावरच्या चिठ्ठीत जेवढे दिवस लिहिले असतील तेवढे थांबावे. तणनाशकालाही हाच नियम लावावा. फवारणीचे कपडे फवारणाऱ्यानेच वेगळे धुवावेत. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. कीटकनाशकाच्या डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे त्याखालोखाल, हे आपण जाणतो. पण निळा किंवा हिरवा त्रिकोण म्हणजे पोटातल्या बाळाला बिनधोक, असा त्याचा अर्थ नाही.

गोठ्यातलीही एक गोष्ट आहे. गाय किंवा म्हैस गाभडली तर तो गर्भ, जार आणि घाण गरोदर बाईने उचलू नये. ब्रुसेल्लोसिस नावाचा रोग अशा वेळी जनावरातून माणसात येतो आणि त्यात बाईचाही गर्भ जाऊ शकतो. हातमोजे घालून दुसऱ्या कुणी तरी ते खोल पुरावे आणि जनावरांच्या डॉक्टरला कळवावे. दूध नेहमी उकळूनच प्यावे. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि वगारींना या रोगाची लस देतात, ती चुकवू नये.

गोठ्याचा विषय निघाला म्हणून बोलतो. म्हैस गाभण असली की विण्याआधी दोन महिने आपण तिची धार बंद करतो, किलो-दीड किलो खुराक वाढवतो, चिखलात घसरू नये म्हणून जागा बदलतो. हे सगळे आपल्याला कुणी शिकवावे लागले नाही. बाईची बरोबरी जनावराशी करायची नाही. पण पोटात जीव वाढत असताना काम कमी आणि खुराक जास्त लागतो, एवढे शास्त्र या गावांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. मग ते गोठ्याच्या दारातच का थांबावे?

ताट आणि परसबाग

आपल्याकडे बाई सगळ्यांच्या मागून जेवते. कोरड्यास संपले तर चटणी-भाकरीवर भागवते. त्यात "जास्त खाल्लं तर बाळ मोठं होतं आणि अडतं" असा समज. बाळ मोठे होईल या भीतीने कमी खाणे म्हणजे पीक लोळेल म्हणून खतच न देणे. साधारण बांध्याच्या बाईचे वजन नऊ महिन्यांत १० ते १२ किलोंनी वाढायला हवे. त्यासाठी रोज एखादे जेवण जास्त, म्हणजे दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे खाल्ले तर मळमळही कमी होते. रात्री आठ तास झोप आणि दुपारी दोन तास आडवे पडणे, हेही औषधाइतकेच महत्त्वाचे आहे. दुपारी पडलेल्या सुनेला आळशी म्हणणे घराने सोडले पाहिजे.

पैसा फार लागत नाही. पुण्याजवळच्या त्या गावांतही काम आले ते पालेभाजी, फळ आणि दूध यांचेच. पावसाळ्यात विहिरीजवळ, मोरीच्या पाण्यावर दोन वाफे पालक, मेथी, तांदुळजा, चुका, अंबाडीचे करा. दारात शेवग्याचे एक झाड लावा; त्याच्या शेंगा बाजारात जातात, पाला मात्र कुणी खात नाही. खुरपताना उपटून फेकलेली घोळ आणि पाथरीही चांगल्या भाज्या आहेत, फक्त त्या तणनाशक मारलेल्या शेतातल्या नसाव्यात. दूध सगळेच्या सगळे डेअरीला न घालता पेलाभर घरात ठेवा. तूर, मूग, हरभरा आपल्याच शेतात पिकतात. ताटात रोज घट्ट वरण असावे. अंडी-मांस चालणाऱ्या घरात पोटुशीला आठवड्यातून चार-पाच अंडी मिळाली पाहिजेत.

सोयाबीनचे तर नवलच आहे. पोत्यांनी पिकवतो आणि दाणा घरात ठेवत नाही. सोयाबीन कच्चे खाऊ नये, ते पचत नाही. उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे शिजवून, वाळवून, दहा किलो गव्हात किंवा ज्वारीत एक किलो या प्रमाणात दळून आणले तर भाकरी-पोळीची चवही बिघडत नाही आणि प्रथिने वाढतात. अंगणवाडीतून गरोदर आणि स्तनदा मातांना मिळणारा पोषण आहार हा तिच्या घरच्या जेवणावर वरचा आहे. तो घरातल्या सगळ्यांनी वाटून खाल्ला तर तिच्या वाट्याला काय राहील?

तपासणी आणि गोळ्या

मी कृषी पदविकेचा माणूस, डॉक्टर नाही. आरोग्य सेविका आणि डॉक्टर जे सांगतात तेच इथे घरच्या कर्त्या माणसांसाठी मांडतो.

पाळी चुकली की लगेच नाव नोंदवावे. तीन महिने कुणाला सांगू नये ही आपली रीत आहे, पण नोंदणी बारा आठवड्यांच्या आत व्हायला हवी. पहिल्या तीन महिन्यांत फॉलिक अ‍ॅसिडची गोळी लागते. बाळाचा मेंदू आणि मणका त्याच काळात घडतो. पेरणीबरोबर द्यायचा खताचा डोस पीक कमरेला आल्यावर देऊन उपयोग नसतो, तसेच हे.

चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी रोज एक, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतरही १८० दिवस. रक्त कमी असेल तर डॉक्टर दोन गोळ्या सांगतात. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर गोळ्यांवर भागत नाही, दवाखान्यातच जावे लागते. या गोळीने शौचाला काळे होते, कधी मळमळते, म्हणून बायका ती डब्यात टाकून देतात. काळे होण्यात धोका नाही. गोळीने बाळ काळे होते हेही खोटे आहे. गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबू-पाण्याबरोबर चालते. कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत न घेता वेगळ्या वेळी घ्यावी. बाईने गोळी घेतली का, हे रोज रात्री नवऱ्याने विचारले तरी अर्धे काम होते.

निदान चार तपासण्या व्हाव्यात: पहिली बारा आठवड्यांच्या आत, मग चौथ्या ते सहाव्या महिन्यात, मग सातव्या-आठव्यात आणि शेवटची नवव्यात. दर वेळी वजन, रक्तदाब, रक्त आणि लघवी तपासली जाते. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली डॉक्टरकडून गरोदर मातांची मोफत तपासणी होते. ९ तारीख खुरपणीच्या घाईत आली तरी ती चुकवू नये.

रक्त जाणे, डोके खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, तोंडावर-हातावर सूज, झटके, ताप, पोटात सारखी कळ, पाणी जाणे, बाळाची हालचाल कमी होणे, यातले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करायचा. ओढ्याला पूर आला की वाट बंद होणारी गावे आपल्याकडे आहेत. अशा गावातल्या बाईला दिवस भरत आले की आठवडाभर आधीच सेनगावला किंवा हिंगोलीला नातेवाइकांकडे ठेवलेले बरे.

आणि मुळात पोरीचे वय. त्याच राष्ट्रीय पाहणीत २० ते २४ वयाच्या स्त्रियांमध्ये अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात २१.९ टक्के निघाल्या. परभणी जिल्ह्यात हेच प्रमाण ४८ टक्के. १९९९ सालच्या १ मेपर्यंत आपण परभणी जिल्ह्यातच होतो, तेव्हा हे दुसऱ्याचे म्हणून सोडता येणार नाही. जिचे स्वतःचे हाड अजून वाढते आहे तिच्या पोटात दुसरा जीव वाढायला लागला तर दोघांनाही कमी पडते.

विश्रांतीचे पैसे कोण देणार?

शेत असलेल्या घराला काम बदलून देता येते. रोजाने जाणाऱ्या बाईचे काय? तिने दोन महिने बसायचे म्हटले तर चूल कशी पेटेल? प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत २०१७ पासून पहिल्या बाळंतपणाला ५,००० रुपये मिळतात, पुढे दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये मिळू लागले. बुडालेल्या मजुरीची काही भरपाई व्हावी हाच योजनेचा हेतू आहे. पण ३०० रुपये रोज धरला तर ५,००० म्हणजे सोळा-सतरा दिवसांची मजुरी. राज्य सरकारच्या नोकरीतल्या बाईला १८० दिवसांची पगारी रजा मिळते. ती मिळालीच पाहिजे, त्याबद्दल तक्रार नाही. पण उन्हात वाकून खुरपणाऱ्या बाईला सतरा दिवस आणि खुर्चीवरच्या बाईला सहा महिने, हे गणित न्यायाचे नाही. ही रक्कम वाढावी, अशी मागणी शेतकरी संघटनांनी आणि ग्रामसभांनी केली पाहिजे. तोवर आहेत ते पैसे तरी कागदांअभावी अडू नयेत. आधार, बँक खाते, कार्ड यांची जुळणी ग्रामपंचायतीत एका बैठकीत होऊ शकते.

पुरुषांची बैठक, बायकांचा प्रश्न

पुरुषांना यात ओढता येते का? जामखेडला येते असे दिसले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली त्या दुष्काळी भागात काम सुरू केले. दवाखान्यात बसून न राहता त्यांनी गावागावात शेतकऱ्यांची मंडळे उभी केली. पाणी, झाडे, शेती यांच्याच गप्पा व्हायच्या आणि त्यातूनच लेकरांची वजने करणे, गरोदर बायकांची काळजी हे विषय पुरुषांच्या तोंडी आले. पुढे गावातल्याच, बऱ्याचशा निरक्षर बायका आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. १९७१ साली त्या गावांत हजारामागे १७६ बाळे वर्षाच्या आत जात होती. पाच वर्षांत हा आकडा ५२ वर आला. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तेव्हा आशाताई नव्हती, १०८ नव्हती, मोफत बाळंतपण नव्हते. आज हे सगळे आहे.

म्हणून सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि कर्त्या शेतकऱ्यांपुढे काही साध्या गोष्टी ठेवतो. १ मेची ग्रामसभा खरिपाच्या तोंडावरच येते. त्या सभेत गावातल्या सगळ्या गरोदर मातांसाठी काय सोय करायची हा विषय घ्या. नावे जाहीर करायची गरज नाही, संख्या पुरे. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला महिला व बालकल्याणाचा १० टक्के निधी खुर्च्या आणि सतरंज्यांवर न घालवता दर ९ तारखेला दवाखान्यात नेणाऱ्या गाडीवर खर्च करा. गुत्त्याचे भाव गाव ठरवते, तेव्हाच पोटुशी बाईला हलके काम आणि बरोबरीचा वाटा हेही ठरवून टाका. रात्री-बेरात्री कुणाची गाडी निघेल आणि रक्त द्यायला कोण येतील, त्यांची नावे आशाताईकडे लिहून ठेवा. आमच्या शेतीशाळांत फवारणीचा धडा असतो, त्यात गरोदर बाईचा विषय आलाच पाहिजे आणि त्या दिवशी आरोग्य सेविकेलाही बोलावले पाहिजे.

खरिपाच्या बैठकीला येताना बियाण्याची पावती आणि सात-बारा आणता, तसे एक घरून विचारूनही या. घरात कुणी दोन जिवांची आहे का, तिला कितवा महिना आहे आणि सोंगणीला कितवा लागेल. वहीत तेवढी एक ओळ लिहिली की मजुरांचा हिशेब त्याप्रमाणे आधीच मांडता येतो.

(लेखक कृषी विभागात विस्तार कार्य करतात.)